एका कान्याचं अंतर

नगरच्या स्टँडवर शामकांत खर्डेकरांचा आवाज जितक्या लोकांनी ऐकला होता, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. ते एका जाळीच्या खिडकीमागे बसत. समोर माईक असे, आणि त्यातून दिवसभर जामखेड, पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंदा ही गावं अशा खणखणीत उच्चारांत बाहेर पडत, की ती गावं प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला नवल वाटावं. पाथर्डीच्या डोक्यावरचा रफार त्यांनी कधी सांडू दिला नाही. घरी मात्र ते फारसं बोलत नसत. त्यांच्या पत्नी शोभाबाई म्हणत, "आमच्याकडे येतो तो नुसता माणूस. आवाज स्टँडवरच ठेवून येतात, चोरीला जाऊ नये म्हणून."

साल त्र्याहत्तर. पाऊस नव्हता, पण माणसं वाहत होती. कुणी खडी फोडायच्या कामावर, कुणी पुण्याला, कुणी लेकाच्या दारात. या सगळ्यांना शामकांतराव वाटेला लावत. कुणाची वाट त्यांनी तोवर लावली नव्हती.

ती लावली चैत्रातल्या एका सकाळी.

त्याचं असं आहे, की नगरच्या उशालाच नागापूर आहे. तिथे नवे कारखाने उभे राहिले होते. स्टँडवरून गाडीत बसून माणसाने विडी पेटवली तर ती संपायच्या आत नागापूर येतं. आणि तिकडे विदर्भात नागपूर आहे. तिथे पोचेपर्यंत एक अख्खी रात्र जाते आणि वर दिवसही बराच जातो. या दोन गावांमध्ये मराठी भाषेने फक्त एका कान्याचं अंतर ठेवलेलं आहे. ही सोय बाकी कुठल्या स्टँडला नाही.

त्या सकाळी दोन नंबरच्या फलाटावर नागापूर लागली होती आणि शामकांतराव म्हणाले, "नागपूर". एक काना घशातच राहिला.

खर्ड्याच्या गोजरबाई तेव्हा फलाटावर उभ्या होत्या. धाकटा मुलगा नागपूरला रेल्वेत होता, त्याला मुलगा झाला होता, आणि बारशासाठी थोरल्या मुलाच्या डोक्यावर लाकडी पाळणा देऊन म्हातारी निघाली होती. दोघं पाळण्यासकट दोन नंबरच्या गाडीत चढली.

"दोन नागपूर," गोजरबाई म्हणाल्या.

"नागापूर," कंडक्टर म्हणाला. खर्ड्याकडची माणसं काना कुठेही टाकून येतात, असा त्याचा अनुभव होता.

"त्येच की."

त्याने तिकिटं फाडली. किंमत ऐकून गोजरबाई मुलाला म्हणाल्या, "लई स्वस्ताई केली रं सरकारनं!"

थोड्याच वेळात त्या पाळणा घेऊन एका कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या होत्या आणि पहारेकऱ्याला विचारत होत्या, रेल्वेतला सहादेव कुटं ऱ्हातो. पहारेकरी म्हणाला, "आजी, इथं रेल्वेच नाही." परत स्टँडवर येईपर्यंत नागपूरची खरी गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती गाडी मिळाली. त्या पोचल्या तेव्हा बारसं मात्र ठरल्या मुहूर्तावर उरकलं होतं.

नगरला ही गोष्ट पुरून उरली. पाऊस नसल्यामुळे लोकांना बोलायला दुसरा चांगला विषय नव्हताच. हॉटेलातला पोऱ्या चहा ठेवताना विचारी, "साहेब, नागापूरची संत्री आली का?" शेजारच्या घरातले निवृत्त तलाठी सकाळी फिरायला निघताना सांगून जात, "जरा नागपूरला पाय मोकळे करून येतो." शामकांतराव हसत. हसून झाल्यावर घरात येऊन भिंतीकडे तोंड करून बसत.

तिसऱ्या दिवशी माईकसमोर त्यांनी बटण दाबलं, श्वास घेतला, आणि पुढे काही आलंच नाही. स्टँडभर नुसता श्वास ऐकू आला. फलाटावरच्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, "ह्ये कंचं गाव म्हनायचं?"

मग रोजच तसं होऊ लागलं. खिडकीबाहेर आवाज ठीक, चहाच्या टपरीवर ठीक. माईकसमोर बसलं की गळ्याला कुलूप. कंट्रोलर सूर्यभान हा माणूस तोंडाचा फटकळ आणि मनाचा बरा, हे मिश्रण नगरकडे मुबलक पिकतं. त्याने शामकांतरावांना पार्सलच्या खोलीत बसवलं आणि माईक स्वतः हातात घेतला. त्याच्या घोषणा अशा: "ए जामखेडवाले! झोपलात का? चला, निघाली!" प्रवाशांना ते जास्त कळे, हे त्यातलं दुःख.

"खर्डेकर, दसऱ्यापर्यंत मी रेटतो," सूर्यभान म्हणाला. "पुढं वरून नवा माणूस येईल, आणि आला की तो चिकटला. मग तुम्ही कायमचे पार्सलात. गळ्याचं काय ते बघा."

कायमचे पार्सलात. पगार तोच होता, बसायला पंखाही होता. पण शामकांतरावांच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती आणि ती त्या जाळीच्या खिडकीत राहिली होती.

ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळदीच्या गुळण्या झाल्या. शोभाबाईंच्या मावशीने एक अंगारा पाठवला, तोही पोटात गेला. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "गळा असा आहे की भजनी मंडळाने भाड्याने न्यावा. तुम्ही डॉक्टर अंबिका राजगुरूंना भेटा. पुण्याहून दर शनिवारी येतात. मनाच्या डॉक्टर आहेत."

"मला काय वेड लागलंय?" शामकांतराव घरी येऊन म्हणाले.

"वेड लागलं असतं तर गप्प बसला असता का?" शोभाबाई म्हणाल्या. "वेडी माणसं बोलतात. जाऊन तर या."

"कुणी पाहिलं म्हणजे?"

"दात दुखतोय म्हणा."

ही सूचना त्यांना वाटली तितकी नवीन नव्हती. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, एका दाराआड दाताचे डॉक्टर होते आणि शेजारच्या दाराआड अंबिकाबाई; बाहेर दोघांचं मिळून एकच बाकडं. बाकड्यावर बसलेला प्रत्येक जण गाल धरून बसलेला असे. दाताचे रोगी कुठले आणि मनाचे कुठले, हे ओळखायची खूण एकच. मनाचे रोगी मधूनच विसरून दुसरा गाल धरत.

अंबिकाबाई चाळिशीच्या. खोलीत वेताच्या दोन खुर्च्या आणि एक टेबल. शामकांतरावांनी आधी चारी कोपरे पाहून घेतले.

"काय शोधताय?"

"मशीन. विजेचं."

"अहो, इथं पंखा चालेल एवढी वीज येत नाही. बसा."

पहिले दोन-तीन शनिवार बाई नुसत्या ऐकत. शामकांतरावांना ते थोडं फसवणुकीसारखं वाटलं. औषध नाही, पथ्य नाही. बोलायचं आपणच, आणि वर उठून आभारही आपणच मानायचे. घरी ते म्हणाले, "यापेक्षा भिंत स्वस्त पडेल." पण पुढच्या शनिवारी ते अंघोळ करून वेळेच्या आधीच गाल धरून बसले होते. भिंत आजवर पुष्कळ वापरून झाली होती.

चौथ्या की पाचव्या भेटीत बाईंनी विचारलं, "माईकसमोर बसलात की डोक्यात काय ऐकू येतं?"

"विशेष काही नाही. आपलं नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे? जसंच्या तसं सांगा."

शामकांतराव संकोचले. मग सांगितलं. "गाढवा, परत शेण खाणार आहेस तू. उघड तोंड, उघड. लोक हसायला तयारच बसलेत."

"हे कोण म्हणतं?"

"मीच की. दुसरं कोण असणार तिथं?"

"तुम्ही कंडक्टरला काय म्हणता? अरे की अहो?"

"अहो."

"हमालाला?"

"अहो छगनराव म्हणतो. वयाने मोठे आहेत."

"आणि स्टँडवर कुत्रं आडवं आलं तर?"

शामकांतरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "त्याला... 'चला, उठा' म्हणतो."

"म्हणजे कुत्र्याला अहो आणि शामकांताला गाढवा."

शामकांतरावांना राग आला. पांढरपेशा माणसाला राग आला की तो व्याकरणात शिरतो. "डॉक्टर, मराठीत जवळच्याला अरेच म्हणतात. देवाला आपण अरे म्हणतो, आईला अगं म्हणतो. कुणी देवाला 'अहो पांडुरंगराव' म्हणालंय का?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "जवळच्यालाच अरे म्हणतात. किंवा फौजदार आरोपीला म्हणतो. तुमचं आणि शामकांतांचं जवळचं आहे का?"

शामकांतराव बंद पंख्याकडे बघत राहिले. उठताना बाईंनी एवढंच सांगितलं, की पुढच्या शनिवारपर्यंत स्वतःशी जे बोलायचं ते अहो-जाहो करून बोला. कौतुक करायचं नाही, खोटं गोड बोलायचं नाही. रागवायचं तर खुशाल रागवा, पण अहो म्हणून.

हा प्रयोग वाटतो तितका सोपा नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी करून पाहावा. पहिल्याच सकाळी दाढी करताना वस्तरा लागला, रक्त आलं, आणि सवयीने "गाढवा" ओठांवर आलं. शामकांतरावांनी ते आवरलं आणि आरशात म्हणाले, "अहो, गाढव आहात आपण." ते त्यांचं त्यांनाच इतकं विचित्र वाटलं, की पुढची शिवी सुचेना. आदरार्थी बहुवचनात शिवी फुलत नाही. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर तिच्यातला दम जातो.

न्हाणीघरातून आवाज येई, "अहो, किती पाणी ओतताय? दुष्काळ आहे."

"मी काही बोलले नाही हो!" बाहेरून शोभाबाई सांगत.

"तुम्हाला नाही. मी मला म्हणतोय."

तीन-चार दिवस शोभाबाईंनी सोसलं. मग कणीक मळता मळता म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून या घरात अहो म्हणायचं काम माझ्याकडे होतं. तेही काढून घेतलंत. आता एक विचारू? मला कधी कुणी म्हणायचं?"

हे काही बाईंनी सांगितलेल्या अभ्यासात नव्हतं. संध्याकाळी शामकांतरावांनी खाकरून, "अहो शोभाबाई, चहा घेणार का? मी टाकतो," असं म्हणून पाहिलं.

"चेष्टा पुरे," शोभाबाई म्हणाल्या. पण चहा घेतला. साखर जास्त झाली होती हे दुसऱ्या दिवसापर्यंत सांगितलं नाही.

पुढे आषाढ कोरडाच गेला आणि श्रावणात थोडा शिडकावा झाला. शामकांतरावांचे शनिवार चालू होते. एका शनिवारी बोलण्यात वडिलांचा विषय निघाला. विष्णुपंत खर्डेकर, खर्ड्याच्या शाळेत गुरुजी. जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती. गावातली सगळी पोरं 'पानी' म्हणत, 'लोनी' म्हणत. शामही बाहेर तसंच म्हणे आणि उंबऱ्यावर चपला काढाव्यात तशी ती बोली काढून 'पाणी' म्हणत घरात शिरे. कधी उंबरा चुके. शुद्धलेखनात पंतांचा नियम होता: काना विसरला की कान. शाम फळ्यावर एकदा 'मारुती'ला 'मरुती' लिहून बसला, तेव्हा पंतांनी त्याला डावा कान धरून वर्गापुढे उभं केलं होतं. "गाढवा, पंतांचा मुलगा ना तू?" वर्ग हसला होता. पंतांना वाटे, हसण्यामुळे मुलाच्या लक्षात राहील. ते चुकीचं नव्हतं. राहिलं.

"वडील वाईट नव्हते," शामकांतराव घाईने म्हणाले.

"मी कुठं म्हटलं?"

"माझ्या आवाजाला वळण त्यांनीच लावलं."

"हो. आणि माणूस गेला तरी त्यांचा कान धरलेला हात तुम्ही अजून नोकरीत ठेवलाय. बरं, त्या गोजरबाई परत खिडकीशी आल्या, तेव्हा काय म्हणाल्या?"

"शिव्याशाप दिले."

"कोणते?"

शामकांतरावांनी तोंड उघडलं. काही आठवेना. एकही शिवी आठवेना. एवढं आठवलं की आपण मान खाली घातली होती आणि कानात "गाढवा, गाढवा" चालू होतं. पण ते म्हातारीच्या आवाजात नव्हतं.

तो सबंध आठवडा ते पार्सलच्या खोलीत बसून म्हातारीचं तोंड आठवत होते. शनिवारी खुर्चीत बसल्या बसल्या सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षातही आलं नाही की आपण तिच्याच बोलीत बोलतोय.

"ती जाळीला नाक लावून म्हनली, 'आरं, तू पंत गुर्जींचा शाम न्हवं का? तोंड का रं उतरलंय तुजं? गाडी उद्या बी हाय की. पोराचं नाव काय पळून चाललंय व्हय? आन् तुजा आवाज लई ग्वाड हाय बग. थितं फाटकापाशी उबी ऱ्हाऊन मी म्हनलं, आमी आवाजाकडं बगून बसलो, गावाकडं बगितलंच न्हाई.'"

बाईंनी विचारलं, "हे आरं कसलं? फौजदाराचं?"

शामकांतरावांनी नाही म्हणून मान हलवली. मग रुमाल काढायला गेले, तो सापडला नाही, आणि पन्नाशीला टेकलेला तो गृहस्थ शर्टाच्या बाहीला डोळे पुसत पुष्कळ वेळ रडला. बाईंनी मध्ये काही बोलून त्याचा विचका केला नाही.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल, नाक लाल, आणि सवयीने हात गालावर. बाकड्यावरचा एक शेतकरी सरकून जागा देत म्हणाला, "काढला का?"

"व्हय," शामकांतराव म्हणाले. "लई जुना हुता."

"दुखलं?"

"दुखलं. पण बरं वाटतंय."

"मग मी बी जातो आत," असं म्हणून तो माणूस उठला आणि दाताच्या नव्हे, त्याच्या शेजारच्या दाराकडे गेला.

म्हणून लगेच गळा मोकळा झाला असं नाही. तसं होत असतं तर बाईंना पुण्याहून दर शनिवारी यावं लागलं नसतं. शामकांतरावांनी रिकाम्या वेळी दोनदा माईकसमोर बसून पाहिलं, दोन्ही वेळा घाम फुटला आणि ते उठले. दुसऱ्यांदा उठताना मात्र ते स्वतःला म्हणाले, "असू द्या. आज नाही झालं." भाद्रपद सरला. नव्या माणसाचं नाव वरून आलं असल्याची कुजबुज स्टँडवर सुरू झाली. तेव्हा एका भर दुपारी पार्सलची खोली बंद करून ते सूर्यभानपुढे जाऊन उभे राहिले.

"एक गाडी मला द्या."

"कुठली?"

"कुठलीही. फार लांबची नको."

सूर्यभानने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शेवगाव लागतीय. घ्या. आणि हे बघा खर्डेकर, न्हाईच जमलं तर मी बाहेरून वरडतो. गाडी काय तुमच्यावाचून अडत नसती."

शामकांतरावांना हे वाक्य अपमानासारखं वाटायला हवं होतं. त्यांना ते आधारासारखं वाटलं.

ते जाळीमागे बसले. डोक्यात नेहमीचा आवाज खाकरला: गाढवा... "अहो, थांबा जरा," शामकांतराव पुटपुटले, "दोन मिनिटं बसा तिकडे," आणि बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. शेवगावकडे जाणारी गाडी," आवाज बाहेर पडला. किंचित खरखरीत, पण त्यांचा. फलाटावर छगन हमाल पाटी टेकवून उभा राहिला. "फलाट क्रमांक तीनवर उभी आहे."

गाडी चारवर होती.

गठुडी उचलून माणसं तीनकडे धावली, तीनवर पारनेरवाले आधीच होते, तिथे गोंधळ माजला. जाळीतून शामकांतरावांना हे सगळं दिसत होतं. कान तापला, तोच, डावा. बटणावरचं बोट तसंच राहिलं होतं, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यामुळे पुढचं बोलणं साऱ्या स्टँडने ऐकलं.

"अहो शामकांतराव, चार. चार नंबर. चुकलंत, बरं. चुकलं तर चुकलं, गाडी अजून उभी आहे. श्वास घ्या आणि नीट सांगा त्यांना."

मग मोठा श्वास ऐकू आला, आणि मग, जुन्या खणखणीत आवाजात: "शेवगाव गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. तीन म्हणालो, ती माझी चूक. सावकाश या, गाडी थांबवली आहे."

लोक हसले. चांगले मोकळे हसले. चारकडे जाता जाता एक बाई जाळीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आसू द्या, आसू द्या, पोचलो आमी!" शामकांतराव ते हसणं ऐकत बसले. पाच-सहा महिने ज्याला भीत होते ते हेच होतं. ऐकायला तसं काही वाईट नव्हतं.

दार ढकलून सूर्यभान आत आला. त्याचं पोट हसून दुखत होतं.

"खर्डेकर, माईकवर कुणाशी बोलत होतात?"

"माझ्याशी."

"स्वतःशीच? मग एवढं अहो-जाहो कशाला?"

शामकांतरावांनी घाम पुसला, पुढच्या गाडीची पाटी पाहिली, फलाट दोनदा ताडून घेतला, आणि बटणाकडे हात नेत म्हणाले,

"नुकतीच ओळख झालीय हो. अरे-तुरेवर यायला थोडे दिवस लागतील."